अर्धी विडी

माझी थोरली लेक शेवंता, तिचं लग्न झालं ते साल सत्त्याण्णव. वैशाखातलं लग्न, मांडवात माणसाला माणूस लागलेलं. सनई वाजत होती आणि माझी बायको मला खांबाआड ओढून विचारत होती, "अवो, त्यो व्हिडिओवाला कुठं हाय?"

"हाय की हितंच."

"हितंच म्हंजे? अक्षता पडायची येळ झाली. नवऱ्याची आई मघापासनं पदर नीट करून बसलीया."

मी शोधायला गेलो. शेखर मांडवाच्या मागं, चुलवणापाशी सापडला. खांद्यावर कॅमेरा. कॅमेऱ्यापुढं माझे दाजी भरमाण्णा, माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. लुंगी खोचून ते भाताचं मोठं पातेलं राखेनं घासत होते. शेजारी मृदुलाताई काठीला बांधलेला माईक पातेल्यावर धरून उभ्या.

"शेखरभाऊ, अक्षता!" मी ओरडलो.

शेखरनं कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही. डाव्या हाताचं बोट तेवढं वर केलं. त्या बोटाचा अर्थ आम्हाला तोवर पाठ झाला होता. बोट वर म्हणजे कॅमेरा चालू, तोंड बंद.

मी तोंड बंद करून उभा राहिलो. तिकडं मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजली, आणि माझ्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या.

दुपारी मी ताईंना विचारलं, "पातेल्यात काय व्हतं एवढं?"

त्या म्हणाल्या, "सिदूमामा, लग्न सगळेच काढतात. मांडवामागं घरचा जावई पातेलं घासतो, ते कोण काढतं?"

विहिणीनं पुढं दोन वर्षं मला टोमणे मारले, की पुण्याची माणसं कॅमेरा घेऊन आली आणि पातेल्याचा व्हिडिओ काढून गेली.

शेखर आणि मृदुलाताई, ही दोघं जानेवारीत पुण्याहून आमच्या गावात आली होती. आमचं गाव सांगलीजवळ, नदीकाठी. तिथं त्या काळी जमिनीत हळद साठवायची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातला रांजण समजा. वर दोन हात रुंदीचं तोंड, खाली वीस-पंचवीस फूट खोल, आत माणूस हात पसरून फिरेल एवढा पसारा. आतून उसाचा पाला आणि चटया लावायच्या, हळद भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. तीन-चार वर्षं हळदीला कीड लागत नसे, कारण आत हवाच नसे. कीड जगत नाही तिथं माणूसही जगत नाही. माझा चुलता घाईनं उतरला होता, तो आतच राहिला.

म्हणून आमच्यात रीत होती. पेव उघडलं की आधी कुणी उतरायचं नाही. दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर वर काढायचा आणि बसायचं. मग दोरीला घोंगडं बांधून ते पेवात खालीवर करायचं, म्हणजे आतली हवा हलते. पुन्हा बसायचं. पुन्हा कंदील. कंदील तळाला जाऊन जळत राहिला तरी लगेच उतरायचं नाही. उतरणाऱ्यानं तोंडाशी बसून एक विडी पेटवायची, ती सबंध ओढायची, आणि तोवर खालची वात उभी राहिली पाहिजे. वात कलली की पुन्हा पहिल्यापासून. गावात पहिला उतरणारा म्हणजे दाजी. छत्तीस वर्षं तेच उतरत होते. वर दोरीला मी.

मृदुलाताईंना ह्या कामावर फिल्म करायची होती. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "तुम्ही तुमचं काम करा. आम्ही इथं नाहीच असं समजा. कॅमेऱ्याकडं बघायचं नाही, आमच्याशी बोलायचं नाही, आम्ही काही विचारणारही नाही."

दाजी म्हणाले, "म्हंजे भुतागत?"

"हो, मामा. भुतासारखंच."

दाजींना जमलं. ते मुळातच कमी बोलायचे. मला मात्र जमेना. मी बोलका माणूस. पोतं उचलताना बोलणार, शिवताना बोलणार. पहिल्या महिन्यात माझ्यामुळं किती टेपा वाया गेल्या त्याची गणतीच नाही. शेखर बोट वर करून करून थकला. माझ्या थोरल्या बहिणीचा, गौराक्काचा त्रास वेगळाच. ती चहा घेऊन यायची, ही दोघं बघायचीच नाहीत, चहा निवायचा.

"दारात माणूस आलं नि त्याला घोटभर पाणी द्यायचं न्हाई," ती म्हणायची. "कसलं शिकल्यालं म्हणायचं हेनला?"

मग तिनं उपाय काढला. शेखरचा कॅमेरा सुरू असताना कप त्याच्या पायाशी ठेवून जायची. एकदा त्यानं मागं सरकताना तो लाथाडला, आणि चहाची कपबशी फुटल्याचा आवाज त्यांच्या टेपेत गेला. ताईंनी कपाळाला हात लावला. गौराक्का म्हणाली, "भूत कुठं चा पितंय का!"

सहा महिने असं चाललं. जूनमध्ये ती दोघं गेली.

श्रावण सरता सरता हळदीच्या अडत्याच्या दुकानात फोन आला. ताईंना टेपेवरचं आमचं बोलणं नीट कळत नव्हतं, कुणीतरी पुण्याला येऊन समजावून सांगायला हवं होतं. दाजी म्हणाले, "तू जा. बोलायची लई हौस हाय तुला."

मी गेलो. ती एडिटिंगची खोली मी अजून विसरलो नाही. खिडकी नाही. दोन टीव्ही, मधे बटणांचं यंत्र, आणि गारठा एवढा की मी ऐन दुपारी कानाला टॉवेल बांधून बसलो. मांडणीवर ब्याण्णव टेपा. समोरच्या भिंतीवर पिवळ्या कागदाच्या चिठ्ठ्या टाचलेल्या, एका चिठ्ठीवर एक प्रसंग. ताई चिठ्ठ्या काढायच्या, वरची खाली लावायच्या, खालची वर. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. माझ्या लेखी ती भिंत म्हणजे लग्नातल्या पताका.

चार दिवस मी नुसते शब्दांचे अर्थ सांगितले. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "मामा, पेव उघडण्याचा भाग जोडलाय. बघा."

टीव्हीवर आमचं मारुतीमागचं पेव आलं. दगड सरकला. कंदील खाली गेला आणि विझला. मी ओढून वर काढला. काच काळी झालेली. आणि त्यानंतर दाजींचा पाय पेवाच्या तोंडात. दाजी खाली उतरले.

मी उठून उभाच राहिलो. "थांबवा. थांबवा वो ते."

त्यांनी बटण दाबलं.

"कंदील विझला न्हवं?"

"हो."

"आणि लगेच उतरवलासा त्यास्नी?"

"लगेच नाही, मामा. मधे वेळ गेला. बघणाऱ्याला कळतं ते."

"कुणाला कळतंय? मी तिथं व्हतो, मला न्हाई कळलं. उद्या आमची पोरं हे बघतील. भरमाण्णा कंदील विझल्यावर सरळ उतरतोय म्हणतील, आणि उतरतील."

"सिदूमामा, साडेतीन तास मी कसे दाखवू? अख्खी फिल्म तासाभराची आहे."

"तास नगा दाखवू. पर बसल्यालं दाखवा. घोंगडं दाखवा. विडी दाखवा. कुठं हाय ते?"

त्या भिंतीपाशी गेल्या आणि एकेक चिठ्ठी वाचू लागल्या. दगड काढणे. कंदील. दाजी उतरणे. पोती शिवणे. गौराक्का भाकरी. पातेलं. पातेलं, दुसरी बाजू. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. चिठ्ठ्या संपल्या.

"मग?"

त्या म्हणाल्या, "ते काढलंच नाहीये. शेखरनं बॅटरी वाचवायला कॅमेरा बंद केला होता. आम्ही चिंचेखाली जेवत होतो. काही घडत नव्हतं, मामा."

माझं डोकंच फिरलं. सहा महिने. ब्याण्णव टेपा. पातेलं दोन्ही बाजूंनी. माझ्या लेकीच्या अक्षता गेल्या त्या पातेल्यापायी. आणि दाजींचं जे खरं काम, ते चालू असताना ही दोघं डबा खात होती.

"काही घडत न्हवतं म्हणून तर दाजी जित्तं वर आलं," मी म्हणालो.

त्या खुर्चीत येऊन बसल्या. मी म्हणालो, "आता या. दाजींना बसवतो. दोन तास बसतील, तुम्ही काढा."

"नाही. आम्ही कुणाला बसवत नाही. ते खोटं होईल."

"आणि हे खरं हाय?" मी टीव्हीकडं बोट केलं. तिथं दाजी अर्धे पेवात, अर्धे बाहेर थांबलेले होते.

त्या दिवशी आमचं पुढं काम झालं नाही. दुसऱ्या दिवशी मीच सांगितलं, की दसऱ्यानंतर एक पेव खरोखरच उघडायचं आहे. अडत्यानं अर्धी हळद काढून पुन्हा बंद केलेलं. अर्धं रिकामं पेव सगळ्यांत वाईट, तिथं बसणं जास्त. ताई म्हणाल्या, "येते. थांबणं काढायलाच येते." आणि एक कोरी चिठ्ठी घेऊन तिच्यावर काहीतरी लिहून त्यांनी ती भिंतीवर मधोमध लावली.

मी गावात परत आलो तो छाती पुढं काढून. पुण्याची फिल्म चुकली होती आणि ती मी पकडली होती. चहाच्या गाड्यावर चारचौघांना सांगितलं. दाजींनाही सांगितलं, "ह्या खेपेला पुरं दाखवायचं, दाजी. काय गाळायचं न्हाई. मी शब्द देऊन आलोय."

दाजी हसले. "आरं, बसल्यालं काय दाखवायचं? मी बसल्यालो माझ्या बायकूला बघवत न्हाई."

सोळा ऑक्टोबरला दोघं आली. सहा टेपा आणल्या होत्या, प्रत्येक टेप अर्ध्या तासाची. अकराला आम्ही दगड सरकवला. कंदील दोन हात गेला आणि विझला. शेखरनं काढलं. आम्ही बसलो. शेखरनं तेही काढलं. दाजींनी पटका सोडून पुन्हा बांधला. मी बोटं मोडली. चिंचेची सावली पेवाच्या तोंडावरून सरकत गेली. घोंगडं खालीवर केलं, घामानं निथळलो, पुन्हा बसलो. सगळा वेळ शेखरचं बोट वर, आणि मी एक अक्षर बोललो नाही. मला आता जमू लागलं होतं. मनातून मला बरंही वाटत होतं, की आपण आता त्यांच्यातले झालो.

एकला अडत्या ट्रक घेऊन आला. "भरमू, पेव हाय का देऊळ? कवाधरनं बसलायसा!"

दाजी म्हणाले, "शेठ, तुमी उतरता का? मी हिशोब बघतो."

अडत्या पुटपुटत ट्रकमध्ये जाऊन झोपला. ताईंच्या तोंडावर हसू आलं, पण आवाज नाही.

दुसऱ्या खेपेला कंदील निम्म्यात जाऊन विझला. पुन्हा घोंगडं. अडीच वाजून गेले. शेखर मधे मधे कॅमेरा बंद करून टेप वाचवत होता, तरी त्यानं सहावी टेप घातली तेव्हा माझं लक्ष गेलं. तिसरा कंदील सोडला. तळाला टेकला, आणि जळत राहिला.

दाजी तोंडाशी उकिडवे बसले. त्यांनी विडी पेटवली. मी दोरी धरून समोर, खाली वातीवर नजर. शेखर गुडघ्यावर. त्याचं बोट वर.

चार-पाच झुरके झाले असतील. ताईंनी हातातल्या घड्याळाकडं बघितलं. मग सहा महिन्यांत त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. कॅमेरा चालू असताना बोलल्या. हळूच, लाजल्यासारख्या.

"मामा, शेवटची टेप आहे. तीनच मिनिटं राहिलीत."

दाजींनी वर बघितलं. आधी त्यांच्याकडं, मग सरळ कॅमेऱ्याकडं. तेही पहिल्यांदाच. पाहुणी बाई पुण्याहून आपल्यासाठी आलेली, दिवसभर उन्हात काठी धरून उभी. दाजींचा स्वभाव मला ठाऊक होता. दारी आलेल्याला रिकाम्या हातानं लावून देणं त्यांना जमायचं नाही.

"मग उतरतोच की, ताई."

त्यांनी विडी दगडाच्या कडेवर ठेवली. अर्धी उरली होती. मी खाली बघितलं. वात जळत होती, पण उभी नव्हती. लहान झाली होती आणि एका अंगाला कलली होती.

मी तोंड उघडलं. शेखरचं बोट वर होतं. मी तोंड बंद केलं.

दाजींनी काखेखालून दोरी बांधली, पाय सोडले, खांदे तिरके करून तोंडातून आत गेले. तळाला टेकलं की दोरीला दोन हिसके द्यायचे अशी आमची खूण. एक हिसका आला. दुसऱ्याची मी वाट बघत राहिलो.

मग मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. शेखरनं कॅमेरा टाकून दोरी धरली, ताईंनी धरली, अडत्या धावत आला. दाजी वर आले, पण मान टाकलेल्या माणसाचे खांदे तिरके कोण करणार? तोंडाशी ते अडकले. हात घालून, खांदा मोडेल एवढं ओढून आम्ही त्यांना बाहेर काढलं, त्यात किती वेळ गेला कोण जाणे. अडत्याच्याच ट्रकमधून सांगलीला नेलं. डॉक्टरांनी ट्रकमध्येच बघितलं, आत न्यायला सांगितलं नाही.

संध्याकाळी गौराक्काला लोकांनी सगळं सांगितलं. ती मला एकच म्हणाली. "ती बोलली ते बोलली. तिला काय कळतंय पेवातलं? तू तिथंच व्हतास न्हवं, सिदू? तू का गप बसलास?"

कुठल्या तोंडानं सांगणार, की एका बोटामुळं गप्प बसलो? मी सांगितलं नाही. पुढंही कधी सांगितलं नाही, आणि आता सांगायला ती नाही.

तेराव्यानंतर ताई आल्या. अंगणात बसल्या. ह्या खेपेला त्यांनी पाणी मागून घेतलं. म्हणाल्या, "फिल्म बंद करते मी. सगळ्या टेपा तुम्हाला देऊन टाकते."

गौराक्का आतून म्हणाली, "टेपा घिऊन काय भाकरीसंगं खाऊ?"

ताई रडू लागल्या. मला राग आला. त्यांचा आला, माझा आला, त्या चिंचेचा आला. मी म्हणालो, "बंद कशापायी? बसल्यालं पायजे म्हणून मी तुमास्नी बोलावलं. दाजी चार तास बसलं. आता तरी दाखवा."

"आणि पुढचं?"

"विडी ठेवली तिथवर दाखवा. पुढचं नगं."

जाताना त्यांनी पर्समधून एक पिवळी चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. भिंतीवर मधोमध लावलेली तीच. मी ती खिशात ठेवली, नंतर देव्हाऱ्यातल्या डब्यात. काय लिहिलंय हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. दोन वर्षांनी मारुतीच्या देवळात प्रौढांचा वर्ग निघाला. तेव्हा मी चौपन्न वर्षांचा होतो. बाराखडी संपल्यावर एका दुपारी घरी डबा उघडून चिठ्ठी लावून लावून वाचली. 'थांबणे.' खाली तारीख घातलेली.

फिल्म नंतर गावात दाखवली, शाळेच्या पटांगणात. दाजी बसलेले नऊ मिनिटं होते. मी आमच्या अडत्याचं घड्याळ मागून घेऊन मोजली. दाजी शेठला बोलतात तिथं गाव पोट धरून हसलं. मग लोक कंटाळले. कुणी खोकलं, कुणी पोराला मुतायला घेऊन गेलं. मागून एकजण म्हणाला, "आरं पुढं सरकवा की, काय घडंनाच ह्यात." ताईंचं बोलणं त्यांनी गाळलं नव्हतं. शेवटी दगडावर ठेवलेली विडी दिसते. ती धुमसत असते, दाजी तिथं नसतात. तेवढ्यावर फिल्म संपते. गौराक्का बघायला आली नाही. माझी विहीण आली होती. तिनं परत कधी पातेल्याचं नाव काढलं नाही.

आता ती पेवं राहिली नाहीत. काही पुराच्या पाण्यानं ढासळली, बाकीची बुजवली. हळद शीतगृहात जाते. कंदील कुणाला लागत नाही.

माझे दाजी भरमाण्णा सातलिंग कोरे, वय अठ्ठावन्न, पेवात पहिले उतरणारे, हे सोळा ऑक्टोबर एकोणीसशे सत्त्याण्णव रोजी, गुरुवारी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास वारले.